अपडॉगचा वास

हे सांगायचं मी गेली चार वर्षं टाळत आलो आहे. टाळण्याच्या माझ्या बऱ्याच युक्त्या होत्या. विषय निघाला की मी चहाचे कप गोळा करायला उठायचो. कुणी हसलं की मीही थोडंसं हसायचो. आणि कुणी थेट विचारलंच, तर एक वाक्य तयार ठेवलं होतं : "मला कुठे माहीत होतं?" ते वाक्य खोटं आहे. मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात आमच्या योगवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. वर्गाला दहा वर्षं होत आहेत, स्मरणिका काढायची आहे, जुने सचिव म्हणून तुम्ही आठवणी लिहा. मी 'बरं' म्हणून कळवलं. त्याखाली एका सभासदाने लिहिलं, "ते अपडॉगचं नक्की लिहा हं. काय हसलो होतो त्या दिवशी!" आणि त्याखाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे सहा पिवळे चेहरे. मी फोन पलंगावर फेकला. वयाच्या शहात्तराव्या वर्षी इतका राग बरा नव्हे, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत. या माणसांचा मला राग आहे, आणि त्यांना हसायला ज्याने लावलं त्याचा सगळ्यात जास्त आहे. तो मी.

तर मग लिहितो अपडॉगचं.

आमचा वर्ग डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली भरतो. सकाळी सहा ते सात. तीसेक माणसं, बहुतेक निवृत्त : बँकेतले, वीज मंडळातले, शाळामास्तर. मी स्वतः ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो. शिकवायला ठाण्याहून एक तरुण बाई यायच्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो, त्या आम्हाला काका-काकू म्हणायच्या. त्या शिकल्या होत्या ठाण्यातल्या एका स्टुडिओत, त्यामुळे आसनांची नावं त्यांच्या तोंडी इंग्रजी. भुजंगासनातून पुढे हातांवर उठून, मांड्या जमिनीपासून उचलून छाती पुढे काढायची, ते ऊर्ध्वमुख श्वानासन. ताई त्याला 'अपडॉग' म्हणत. "चला काका लोक, अपडॉग! चेस्ट ओपन, खांदे मागे!" सुरुवातीला आमच्यातले काही जण यावर हळूच भुंकून दाखवायचे. मग सवय झाली. महिनाभरात सगळ्यांना अपडॉग म्हणजे काय ते पक्कं ठाऊक झालं. हे लक्षात ठेवावं लागेल, म्हणून लिहितो.

वर्गाची एक पद्धत होती. ताई आसन सांगत रांगांतून फिरायच्या, कुणाची कंबर सरळ कर, कुणाचा गुडघा धर, असं. त्यामुळे बघून करायला पुढे कुणीतरी लागायचं. ज्याची आसनं नीट होतात त्याला ताई सगळ्यांच्या समोर, पुढच्या जागेवर बसवायच्या. तो करील तसं बाकीच्यांनी करायचं. ही जागा जवळजवळ दीड वर्ष माझी होती. त्याला ना पद ना मान, नुसती जागा. पण कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे बघून कुणी काही करतंय, असं तेवढंच एक ठिकाण उरलं होतं. मी ती जागा पदासारखी वागवत होतो. पहाटे उठून घरी रंगीत तालीम करत होतो, हे माझ्या बायकोलाच माहीत.

लॉकडाउन उठल्यावर दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ वर्गात आले. साठी नुकती उलटलेली, काळेसावळे, काटक. राहायला कोपरला. तिथून चालत यायचे. सचिव म्हणून त्यांचा फॉर्म मी भरला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो.

"निवृत्त कुठून?"

"महापालिका."

"खातं?"

"ड्रेनेज."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्यावर उपकार करतोय अशा आवाजात म्हणालो, "पाणीपुरवठा लिहू का? एकच असतं ते."

"एक नसतं, साहेब. पाणीपुरवठ्यात मी कधी नव्हतो. ड्रेनेज लिहा. चौतीस वर्षं."

मी ड्रेनेज लिहिलं. माझ्या अक्षरात. तो फॉर्म अजून वर्गाच्या फायलीत आहे. शंका असेल त्याने काढून बघावा.

आजाराच्या रकान्यात त्यांनी सांगितलं : श्वास. गटाराच्या चेंबरमध्ये उतरून उतरून छाती गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधं चालू ठेवा, पण रोज व्यायाम करा, छाती उघडली पाहिजे. आमच्या इमारतीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि सकाळी बऱ्याचदा बंदच असते. चार मजले. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून श्वास घेत. वर आल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता येत नसे. दोन महिन्यांनी ते दोनदा थांबायला लागले. एके दिवशी वर येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, आज एकदाच." लहान मुलासारखे खूश होते. ते कशासाठी येत होते याबद्दल माझ्या मनात कधीच गोंधळ नव्हता. आम्ही बाकीचे वेळ घालवायला यायचो. ते श्वास घ्यायला येत होते.

आणि त्यांची आसनं उत्तम होती. जन्मभर अंगमेहनत केलेलं शरीर. रबरी मॅट नव्हती, घरची निळी सतरंजी आणायचे. सहा महिन्यांनी एक दिवस ताई सहज म्हणाल्या, "काका, उद्यापासून तुम्ही पुढे या ना. सगळे बघा हं, काकांचा अपडॉग बघा. असा पाहिजे!"

मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही इथे सेकंड रोमध्ये चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो. "न चालायला काय झालं?"

घरी जाऊन मी दोन दिवस बायकोशी नीट बोललो नाही. आता लिहिताना हे इतकं क्षुद्र वाटतं की खोडून टाकावं. पण हे खोडलं तर पुढचं सगळं पुन्हा 'गंमत' होऊन बसेल.

त्याच सुमाराला मी ठाण्याला मुलीकडे गेलो होतो. जेवताना ती नाक वर करून म्हणाली, "बाबा, इथे अपडॉगचा वास येतोय का?" मी चक्रावलो. आसनाला वास? जावई हसत म्हणाले, "बाबा, विचारा ना, व्हॉट्स अपडॉग?" मी विचारलं. दोघंही टाळ्या पिटून हसली. मग समजावलं : इंग्रजीत तसं विचारलं की ते 'व्हॉट्स अप, डॉग', म्हणजे 'काय मित्रा, कसं काय', असं विचारल्यासारखं ऐकू येतं. समोरच्याला वासाचं काहीतरी सांगून तसं विचारायला लावायचं, एवढीच फिरकी. कॉलेजातल्या मुलांचा खेळ. वास हा नुसता गळाला लावायचा तुकडा. मीही हसलो. परतताना ते मनात घोळवत होतो. आणि कुणावर करायचं, हे ठाण्याची हद्द ओलांडायच्या आत मी ठरवलं होतं.

आता नीट बघा. मराठीत विचारलं, 'अपडॉग म्हणजे काय', तर त्यातून काहीही निघत नाही. विनोद उरतच नाही. मराठीत उरतो तो फक्त वास. ज्याला इतकं समजावून सांगितलं गेलं होतं त्या मला हे कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

वर्गात रिवाज होता की ज्याचा वाढदिवस असेल त्याने खाऊ आणायचा. बहुतेक जण खाली कोपऱ्यावरच्या दुकानातून इडली किंवा ढोकळा आणत. त्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. त्यांनी घरून शिरा आणला होता, स्टीलच्या मोठ्या डब्यात, केळं घालून केलेला. बायकोने पहाटे उठून केला, म्हणाले. कागदी ताटल्या, चमचे, सगळं व्यवस्थित आणलं होतं. त्यांनी झाकण उघडलं आणि मी वर्गाचे चेहरे पाहिले. एकाला उपवास आठवला. एकाची शुगर वाढली होती. दोघी म्हणाल्या, "आत्ता नको बाई, जड होतं सकाळी." हीच मंडळी आदल्या महिन्यात एकाच्या वाढदिवसाला गुलाबजाम दोनदा मागून खात होती. त्यांची शुगर मला तोंडपाठ होती. कुणी काही बोललं नव्हतं, पण कोण काय काम करत होतं हे आपल्याकडे न बोलताच फिरतं. ते डाव हातात धरून उभे होते. ताटली पुढे करत नव्हतं कुणी.

अशा वेळी सचिवाने पुढे होऊन पहिली ताटली घ्यायची असते. मी पुढे झालो आणि नाक वर करून म्हणालो,

"काय हो, इथे अपडॉगचा वास येतोय का कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे साधेपणाने पाहिलं.

"अपडॉगला कसला वास, साहेब? आसन आहे ते."

फिरकी तिथेच मेली होती. त्यांना शब्द माहीत होता, माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. मी थांबायला हवं होतं. पण बँकेतून निवृत्त झालेल्या एकाला तो खेळ ठाऊक होता. तो ओरडला, "अहो, तसं नाही, तुम्ही विचारायचं, व्हॉट्स अपडॉग! इंग्लिशमध्ये विचारा, इंग्लिशमध्ये!"

"का?"

"विचारा तर! गंमत आहे."

ते माझ्याकडेच बघत होते. "तुम्ही सांगा, साहेब. काय वास येतोय?"

मी म्हणालो, "मला काय विचारता? रोज सगळ्यांच्या पुढे तुम्ही. तुम्हालाच माहीत!"

सगळे हसले. मोठ्याने, खूप वेळ, सुटल्यासारखे. बँकवाल्याला खोकला लागला. आता मी या लोकांना विचारतो : कशाला हसलात? इंग्रजी विनोद झालाच नव्हता. तो कुणी पुरा बोललं नव्हतं. मग हसण्यासारखं तिथे काय होतं? जे होतं ते तुम्हालाही कळलं होतं आणि मलाही. त्याच्यावर हसलात. आणि आज स्मरणिकेत ते छापायचं म्हणता!

एक आवाज मात्र आला. निवृत्त नर्स आहेत एक, त्या मागून म्हणाल्या, "अहो, पुरे."

हसणं ओसरलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मी दोनदा आंघोळ करतो. नोकरीतली सवय. एकदा साबणाने, एकदा नुसत्या पाण्याने. आजही करून आलोय."

त्यांनी एका ताटलीत स्वतःसाठी शिरा घेतला आणि सगळ्यांसमोर उभं राहून सावकाश खाल्ला. नर्सबाईंनी येऊन ताटली पुढे केली, त्यांना वाढला. मग डब्याला झाकण लावलं, डबा पिशवीत घातला, आणि "येतो" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. सतरंजी सगळ्यात मागे, पाण्याच्या टाकीजवळ घातली. ताई आदल्या दिवशी वर्ग संपताच निघून गेल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. "काका, पुढे या की!"

"मागेच बरं आहे, ताई. इथे वारा येतो."

तिसऱ्या दिवशीही आले. त्या दिवशी जिन्यात ते तीनदा थांबले. मी त्यांच्या मागूनच चढत होतो. प्रत्येक मजल्यावर मीही एक जिना खाली थांबत होतो, गाठ पडू नये म्हणून. चौथ्या दिवसापासून ते आले नाहीत.

ताईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "घरगुती कारण असेल काहीतरी." वर्गाच्या वहीतही तेच लिहिलं : 'घरगुती कारणास्तव वर्ग सोडला.' खाली सही, सचिव. ते वाक्य मी इथे रद्द करतो. त्यांनी वर्ग सोडला नाही. आम्ही त्यांना घालवलं, आणि ते काम मी केलं. पुढच्या आठवड्यात ताईंनी मला पुन्हा पुढे बसवलं आणि मी बसलो. लाज वाटली नाही, बरं वाटलं.

मग चहावर चर्चा सुरू झाल्या. "मनाला फारच लावून घेतलं बुवा." "गंमत समजायला पाहिजे माणसाला." "हल्ली काही बोलायचीच सोय राहिली नाही." ही वाक्यं बोलणारे सगळे शिकलेले, घरात पुस्तकांची कपाटं असलेले. मी त्यांत बसून माझं वाक्य ठेवून द्यायचो : "मला कुठे माहीत होतं ते काय काम करायचे?" एकदा नर्सबाई तिथेच होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "फॉर्म कुणी भरला होता त्यांचा?"

मी कप गोळा करायला उठलो.

त्यानंतर मी नर्सबाईंना टाळू लागलो. पण दीड वर्षाने त्यांनीच मला भाजीबाजारात गाठलं. "ते टिटवाळ्याला गेलेत, मुलाकडे. श्वासाचं पुन्हा सुरू झालंय, मशीन लावावं लागतं. हा पत्ता." चिठ्ठी हातात देऊन त्या निघून गेल्या. त्यांनी 'जा' असंही म्हटलं नाही.

चिठ्ठी पाकिटात ठेवून मी आणखी तीन महिने काढले. मग गेलो. टिटवाळ्याला नव्या इमारतींची रांगच्या रांग झाली आहे. त्यांतल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी डोंबिवलीच्या योगवर्गातला, असं सांगताच त्यांचा चेहरा फुलला.

"अय्या, योगवाले! अहो, या या. हे फार सांगायचे तुमच्याबद्दल. चार मजले झेपेनात म्हणून सोडावं लागलं, नाहीतर यांना किती बरं वाटत होतं तिथे!"

त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. जिन्यावर ढकललं होतं सगळं.

ते खुर्चीत बसले होते. नाकाला नळी, शेजारी मशीनचा घरघर आवाज. मला बघून त्यांनी बायकोला टीव्ही बंद करायला सांगितलं.

"आज इकडे कसे, साहेब?"

"गणपतीला आलो होतो," मी म्हणालो. "म्हटलं, आलोच आहे तर डोकवावं." मी देवळाकडे फिरकलोही नव्हतो.

बायको चहा करायला आत गेली. त्यांनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "बोला."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मी कशासाठी आलोय ते त्यांना दार उघडायच्या आधीच कळलं असावं. त्यांनी मला जागा करून दिली होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, बायकोला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. दोन मिनिटं सहज मिळाली असती. दोन मिनिटं पुरेशी होती.

मी विचारलं, "लिफ्ट चालते का हो नीट तुमच्याकडे?"

त्यांनी खुर्ची पुन्हा होती तशी वळवली. मग म्हणाले, "चालते."

चहा आला. मी पूर्ण कप प्यायलो, सोबतची दोन बिस्किटंही खाल्ली. आणि हेही लिहूनच टाकतो : त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी यांच्या घरी बसून चहा घेतला, असं. याच्याहून हलकट विचार माझ्या डोक्यात जन्मात आला नसेल. निघताना त्यांची बायको म्हणाली, "पुन्हा या." त्यांनी टीव्ही पुन्हा लावायला सांगितला.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नर्सबाईंचा फोन आला. ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कल्याणला होता, त्या जाणार होत्या. "येताय का?" मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत नव्हता.

आता स्मरणिकेच्या मंडळींना माझं सांगणं आहे. तुम्ही आठवण मागितलीत, ही घ्या. एक ओळही कापायची नाही. छापायची नसेल तर माझं नाव, माझा फोटो, 'वर्गाचे आधारस्तंभ' वगैरे जे काही लिहायचं ठरवलं असेल ते सगळं काढून टाका. आणि ते सहा पिवळे चेहरे पाठवणाऱ्याने ग्रुपवर मला उत्तर द्यावं, खासगीत नको. मी वाट बघतोय.

माझ्या बाजूचं एवढंच उरलं आहे. टिटवाळ्याच्या त्या खोलीत, चहा यायच्या आधी, त्यांच्याकडे बघून जे म्हणायला मी आलो होतो आणि म्हणालो नाही, ते हे :

दादा, तुम्ही काय काम करत होता ते मला माहीत होतं. तुम्ही माझ्यापेक्षा सरस होता, ते मला सहन झालं नाही. म्हणून मी चार लोकांत, तुमच्या वाढदिवशी, तुम्हाला दुखवण्यासाठीच ते बोललो. ती गंमत नव्हती. माझं चुकलं. मला क्षमा करा.